आपण कामावर, बरणी तिच्या कामावर

नाताळची तयारी म्हटली की पंधरा दिवस आधीपासून पेटलेली चूल, परातभर मैदा आणि त्याभोवती बसलेल्या आई-मावशा-काकू असं चित्र डोळ्यांपुढे येतं. वसई, नायगाव, नालासोपाऱ्याच्या बऱ्याच घरांत आता एवढी माणसं नसतात. असते ती सकाळी सातच्या सुमारास घर सोडणारी आणि रात्री आठ-साडेआठला परत येणारी एक मुलगी. आई असते, पण तिचे गुडघे दुखतात. भाऊ असतो, पण त्याची ड्यूटी वेगळ्या वेळची. चर्चगेटपर्यंत सव्वा तास जायला, सव्वा तास यायला, शिवाय स्टेशनपासून घरापर्यंतची रिक्षा किंवा बस. दिवसातून स्वतःचा असा हाती उरतो तो जेमतेम तासभर.

एवढ्या तासाभरात नाताळ उभा राहतो का? माझं ठाम मत आहे की राहतो, आणि चांगला राहतो. कारण नाताळच्या तयारीतल्या अनेक गोष्टी आपोआप होणाऱ्या आहेत. फळं बरणीत मुरतात, गहू ताटात उगवतो, केक डब्यात पिकतो. त्यांना माणूस लागतो तो सुरुवातीला दहा-वीस मिनिटं आणि मध्येमध्ये नजर टाकायला. उरलेला वेळ त्या गोष्टी स्वतःचं काम करत असतात, आपण ऑफिसात आपलं करत असतो. ज्या मुलीला हे उमगलं तिचा डिसेंबर दमछाकीचा होत नाही. जी सगळं 23 तारखेच्या रात्रीवर ठेवते तिला एकही गोष्ट नीट चाखता येत नाही.

सुरुवात आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी करावी. हा रविवार 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा असतो, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी येतो. तिथून नाताळपर्यंत चार रविवार मिळतात. घरात हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या लावायची पद्धत आहे: तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवायची आणि तिसऱ्या रविवारी गुलाबी पेटवायची, कारण तो आनंदाचा रविवार. नोकरी करणाऱ्या मुलीला या मेणबत्त्यांचा आणखी एक उपयोग होतो. किती रविवार उरले हे टेबलावर रोज दिसत राहतं. पहिली पेटली की फळं भिजवायची, दुसरीला दारात टांगायची कागदी चांदणी आणि जमलं तर केक, तिसरीला गव्हाणीचा गहू आणि तळण, चौथीला घराची आवराआवर. कडं सुरूच्या किंवा आशोपालवाच्या डहाळीचं चालतं. मात्र डहाळी आठवड्याने सुकते आणि सुकलेल्या पानाला ज्योत लागायला वेळ लागत नाही. म्हणून दर शनिवारी ती बदलावी आणि मेणबत्तीखाली स्टीलची छोटी वाटी ठेवावी.

आता बरणी. आठ इंची गोल केकला साधारण अर्धा किलो सुकी फळं लागतात. काळे बिनबियांचे मनुके 200 ग्रॅम, बेदाणे 100, बिया काढलेला खजूर 100, संत्र्याची साखरेत पाकवलेली साल 50 आणि चेरी किंवा टूटीफ्रूटी 50 ग्रॅम. वसईकडच्या घरात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, हाताशी असतील तर खजूर थोडा कमी करून सुकेळीचे तुकडे घालावेत. त्यांचा मऊ, मधाळ गोडवा मनुक्याच्या आंबटपणाला छान धरून असतो. मनुक्यांवर पुष्कळदा तेलाचा हलका थर दिलेला असतो. तो राहिला तर रस आत शिरत नाही. कोमट पाण्यातून मनुके पटकन काढायचे, सुती फडक्यावर पसरायचे आणि रात्रभर पंख्याखाली कोरडे होऊ द्यायचे. इथे घाई केली तर बरणीत पाणी जातं, आणि चार दिवसांनी झाकण उघडल्यावर आंबूस वास येतो किंवा वर पांढरी बुरशी दिसते. खजूर चिरताना सुरीला तेलाचं बोट फिरवावं. सगळे तुकडे मनुक्याच्याच आकाराचे असावेत. मोठे तुकडे केक कापताना सुरीबरोबर ओढले जातात आणि काप मोडतो.

त्यावर साधारण 200 मिली रम. इथे महाराष्ट्रातली एक अडचण येते. कडक मद्य विकत घ्यायला वयाची 25 वर्षं पूर्ण असावी लागतात आणि कायद्याने परवानाही लागतो. तेव्हा तेवीस वर्षांच्या मुलीने घरातल्या मोठ्यांना सांगावं हे बरं. ज्या घरात मद्य चालत नाही तिथे संत्र्याचा ताजा रस वापरतात आणि त्यानेही केक उत्तम होतो. फक्त रस टिकत नाही. रसात भिजवलेली फळं फ्रिजमध्येच ठेवायची, आणि तीही केकच्या दोन दिवस आधी. महिनाभर रसात ठेवायच्या फंदात पडू नये, फळं आंबतात. रमची बरणी मात्र तीन-चार आठवडे ओट्याच्या कोपऱ्यात उन्हापासून लांब राहू शकते. काचेची, घट्ट झाकणाची, पूर्ण कोरडी बरणी घ्यावी. दर दोन-तीन दिवसांनी ती उलटी करायची, म्हणजे वरची फळं खाली जातात. हे काम सकाळी डबा भरताना होतं, अर्धं मिनिट पुरतं. आठवड्याभरात फळं टचटचीत फुगतात आणि बरणीतली पातळी खाली जाते. झाकण उघडल्यावर येणारा तो वास माझ्या लेखी डिसेंबरातला पहिला मोठा आनंद आहे. त्यासाठी सुट्टी लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही.

संत्र्याची साल घरी पाकवायला अगदी सोपी, आणि डिसेंबरात नागपुरी संत्री भरपूर असतात. साल सुटी निघते हा या संत्र्याचा मोठा गुण. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून बारीक पट्ट्या करायच्या. त्या पाण्यात पाच मिनिटं उकळून पाणी टाकून द्यायचं, पुन्हा नवं पाणी घेऊन तेच करायचं. कडवटपणा या दोन पाण्यांतच जातो. जाड सालीच्या संत्र्याला तिसरं पाणी लागतं. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि साल बुडेल एवढं पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं. पट्ट्या काचेसारख्या पारदर्शक झाल्या की काढून ताटात पसरायच्या. हा पाक टाकू नये, चहात किंवा गरम पाण्यात चमचाभर घातला तर थंडीच्या सकाळी फार छान लागतो.

आता थोडं गाडीतल्या डिसेंबराविषयी. पश्चिम रेल्वेवर महिलांची खास लोकल 1992 पासून धावते. ती सुरुवातीला बोरिवलीपर्यंतच होती, पुढे विरारपर्यंत वाढली. ती असो वा साध्या लोकलचा महिला डबा असो, परतीच्या प्रवासात मांडीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका सगळ्यांनी पाहिल्या आहेत. नाताळच्या आधी या यादीत आणखी कामं जातात. पिस्त्यांची टरफलं काढणं, खजुरातली बी काढणं, काजूचे दोन भाग करणं, चेरीचे तुकडे. सुरी न लागणारी कामं गाडीसाठी राखून ठेवावीत. एका झाकणाच्या डब्यात सोललेलं आणि एका पिशवीत टरफलं, एवढीच तयारी लागते. बसायला जागा मिळाली नाही तर हे जमत नाही, हे खरं. म्हणून ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न गाडीत चढल्या चढल्या विचारून ठेवायचा. ठरलेल्या ग्रुपमध्ये कुणीतरी अंधेरीला, कुणी बोरिवलीला उतरते, आणि तिथून पुढची पस्तीस-चाळीस मिनिटं आपली. क्लिपा-कानातले विकणाऱ्या बायकांच्या हातात याच दिवसांत लाल टोप्या आणि चमचमते हेअरबँड दिसू लागतात. ऑफिसातल्या सजावटीची निम्मी खरेदी तिथेच होते.

उरलेली खरेदी संध्याकाळची. क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईत, केकचे साचे, बटर पेपर, सुकामेवा सगळं एकाच फेरीत मिळतं. मरीन लाइन्सला उतरून चालत गेलं की लोहार चाळीत दिव्यांच्या माळा, होल्डर, वायर. तिथून अब्दुल रहमान स्ट्रीटला कागद आणि डिंक. कापड घ्यायचं तर मंगलदास मार्केट, पण ते रविवारी बंद असतं. त्यासाठी आठवड्यातल्या एखाद्या दिवशी ऑफिसातून तासभर लवकर निघावं लागतं. कापड नोव्हेंबरातच घ्यावं हे बरं. डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की शिंपी हातात कापड घेत नाहीत, आणि घेतलं तर 24 तारखेच्या दुपारी फ्रॉकच्या बाह्या उसवायची वेळ येते. पहिली फिटिंग 15 तारखेच्या आत करून घ्यावी.

चांदणीवर मी जरा रेंगाळणार आहे. विकतच्या प्लास्टिकच्या चांदण्या स्वस्त मिळतात, तरी घरी केलेल्या चांदणीचा उजेड वेगळा पडतो. पतंगी कागदातून तो गाळून येतो. दिवाळीचा आकाशकंदील ज्याला जमतो त्याला ही जमलीच. बांबूच्या दहा सारख्या लांबीच्या कामट्या घ्यायच्या. घराच्या व्हरांड्यासाठी 75 सेंटिमीटर पुरेत. शिवाय 12 ते 15 सेंटिमीटरच्या पाच आखूड काड्या. कामटीत मधोमध पेर येणार नाही असं पाहावं. पेरापाशी ती वाकत नाही, मोडते. पाच कामट्यांची एक चांदणी, पेन न उचलता वहीत काढतो तशी. पाचही टोकं दोऱ्याने घट्ट बांधायची. मग तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून फक्त टोकं बांधायची आणि आतल्या पाच छेदांच्या ठिकाणी त्या आखूड काड्या आडव्या अडकवायच्या. काड्या आत गेल्या की सांगाडा ताणला जातो आणि चांदणीला पोट येतं. हा क्षण फार सुखाचा असतो: सपाट काटक्यांची वस्तू एकदम उभी राहते. एखादं टोक वाकडं दिसलं तर त्याच्या जवळच्या दोन काड्यांची लांबी मोजावी. जवळपास नेहमी त्यातली एक अर्ध्या सेंटिमीटरने मोठी निघते.

सांगाडा एका संध्याकाळी, कागद दुसऱ्या. दोन्ही एकाच रात्री करायला गेलं की ओल्या खळीवर हात लागून कागद फाटतो. खळ मैद्याची, पातळ, गाठी नसलेली. तिला मुंग्या आणि झुरळं लागतात, म्हणून जुनी माणसं त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, खळीचं भांडं वेगळं ठेवायचं, हात साबणाने धुवायचे आणि घरात लहान मूल असेल तर मोरचुदाच्या वाटेला जाऊच नये. पुढच्या आणि मागच्या तोंडाला कागद लावला की कडेला दहा चिंचोळ्या फटी उरतात. त्यातल्या वरच्या आठ बंद करायच्या, खालच्या दोन उघड्या ठेवायच्या. तिथून दिवा आत जातो आणि हवाही खेळते. दिवा एलईडी, 5 वॉटच्या आतला, आणि आतल्या काडीला बांधून मधोमध लटकता. जुन्या पिवळ्या बल्बने कागद करपतो. डिसेंबरात वसईकडे पहाटे दव पडतं, त्याने पतंगी कागद सैल होऊन लोंबतो. चांदणी पत्र्याच्या किंवा गॅलरीच्या आत टांगली तर तो दुपारपर्यंत पुन्हा ताठ होतो. उघड्यावर टांगायची असेल तर जिलेटिन कागद घ्यावा, उजेड थोडा भडक पडतो पण टिकतो. होल्डरच्या जोडावर इन्सुलेशन टेप गुंडाळायला विसरू नये.

रात्री साडेआठला गल्लीत शिरताना दुरून ती चांदणी दिसते, तेव्हा दिवसभराचा शीण निम्म्याने उतरतो.

केक दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी. तो दोन तास भट्टीत राहतो, म्हणून आठवड्यातल्या रात्री त्याच्या वाटेला जाऊ नये. शनिवारी रात्री तीन गोष्टी करून ठेवाव्यात. लोणी आणि अंडी फ्रिजबाहेर काढायची, साच्याला दुहेरी बटर पेपर लावायचा आणि कॅरामेल करायचं. 100 ग्रॅम साखर जाड बुडाच्या कढईत, पाणी न घालता, मंद आचेवर. ती वितळून गडद तपकिरी झाली आणि पहिला धूर दिसला की गॅस बंद करून 80 मिली उकळतं पाणी लांबून, हळूहळू घालायचं. ते जोरात उसळतं, हात भाजतो, म्हणून लांब दांड्याचा डाव वापरायचा. गार पाणी घातलं तर साखरेचे खडे होतात. एक मिनिट जास्त ठेवलं तर कडू होतं, आणि कडू कॅरामेल कुठल्याही साखरेने सुधारत नाही, नवंच करावं लागतं.

रविवारी 200 ग्रॅम लोणी आणि 200 ग्रॅम ब्राउन शुगर हलकी होईपर्यंत फेटायची. मग चार अंडी, एकेक करून. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर अंडी गार आहेत असं समजावं. मैद्याचा एक चमचा घातला की ते सावरतं. 225 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बदामाची पूड, पाऊण चमचा बेकिंग पावडर, एक चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा जायफळ, पाव चमचा लवंग. हे सगळं चाळून हलक्या हाताने मिसळायचं आणि मग गार झालेलं कॅरामेल. शेवटी निथळलेली फळं आणि 100 ग्रॅम काजूचे तुकडे. काजू बरणीत भिजवू नयेत, मऊ पडतात. फळांना मैदा चोळला की ती तळाशी बसत नाहीत असं सगळे सांगतात. चोळावा, पण फळं बसण्याचं खरं कारण बहुतेक वेळा पातळ मिश्रण आणि न निथळलेली फळं हे असतं. मिश्रण चमच्यावरून जड होऊन पडलं पाहिजे, ओघळता कामा नये.

उष्णता 150 अंश, वेळ पावणेदोन ते सव्वादोन तास. घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये वरची कांडी साच्याच्या फार जवळ असते. तासाभराने वर फॉइल झाकलं नाही तर वरून काळा आणि आतून कच्चा निघतो. साचा खालच्या खणात ठेवावा. मध्ये डोंगरासारखा फुगून तडकला तर आच जास्त होती. कुकरमध्ये हा केक करू नये असं मी सांगेन. साधा स्पंज होतो, पण दोन तास एकसारखी मंद आच कुकरमध्ये राखता येत नाही आणि तळ करपतो. त्यापेक्षा जवळच्या पावाच्या बेकरीत साचा नेऊन द्यावा. वसईत आणि वांद्र्याकडे ही जुनी रीत आहे. पाव निघाल्यावर उतरत्या आचेच्या भट्टीत घरोघरचे केक जातात. साच्याला प्लास्टिकचा दांडा नसावा आणि बाहेरून तारेने आपल्या नावाची पत्र्याची पट्टी बांधावी. कागदी चिठ्ठी भट्टीत राहत नाही, आणि मग दहा सारख्या साच्यांतून आपला ओळखायचा कसा?

केक साच्यातच पूर्ण गार होऊ द्यायचा, आधी बटर पेपरमध्ये आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळायचा. फॉइल थेट केकला लावू नये, फळांच्या आंबटपणाने त्याला डाग पडतात. आठवड्यातून एकदा वर दोन चमचे रम शिंपडायची. पहिल्या दिवशी चाखलात तर मसाला वेगळा, फळ वेगळं लागतं. दहा दिवसांनी सगळं एकजीव होतं. बिनरमचा केक मात्र मुंबईच्या दुपारच्या उकाड्यात बाहेर ठेवू नये. तो फ्रिजमध्ये ठेवून आठ-दहा दिवसांत संपवायचा, म्हणजे करायचाही चौथ्या रविवारी.

कुलकुल, म्हणजे वळून तळलेला नाताळचा गोड खाऊ, हे यातलं एकमेव काम जे खरोखर हातांचंच आहे. इथे वाट पाहून काही होत नाही, माणसं लागतात. अर्धा किलो मैदा, 50 ग्रॅम बारीक रवा, 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, 50 ग्रॅम गरम तूप, आणि मळायला घट्ट नारळाचं दूध लागेल तसं, साधारण 200 मिली. पीठ पुरीपेक्षा किंचित मऊ, अर्धा तास ओल्या फडक्याखाली. लहान गोळी करून काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि तिथूनच गुंडाळत आणायची. रेघा बाहेर येतात, आत पोकळी राहते. शेवटची कड नीट दाबली नाही तर तेलात उलगडतं. तेल फार तापलं तर पिठातल्या साखरेमुळे रंग लगेच येतो आणि आतलं पीठ कच्चं राहतं. पिठाचा तुकडा टाकून पाहावा, तो सावकाश वर आला पाहिजे. साखरेचा पाक चढवायचा तर तो पक्का हवा, कच्चा राहिला की सगळे कुलकुल एकमेकांना चिकटून त्यांचा एकच गोळा होतो. ऑफिसला न्यायचे असतील तर कोरडेच बरे. गरम असताना डब्यात भरले तर वाफेने मऊ पडतात, आणि मग कितीही तळा, पहिला कुरकुरीतपणा येत नाही. तिसऱ्या शनिवारी तीन-चार मैत्रिणी जमवाव्यात, त्यात काट्याची ओळख नसलेल्या असल्या तर आणखी मजा. तासाभरात प्रत्येकीच्या हाताचं कुलकुल ओळखू येऊ लागतं.

करंज्या, रोज कुकीज, दोदोल या नाताळच्या इतर गोड पदार्थांबद्दल इथे सांगत नाही. एका नोकरीत आणि चार रविवारांत सगळं बसवू नये. दोन गोष्टी घरी कराव्यात, उरलेल्या गावातल्या बायकांकडून मागवाव्यात. त्यांच्या हाताला चार पैसे मिळतात आणि चव घरचीच राहते.

गव्हाणीसाठी, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठी, गहू 13-14 डिसेंबरला पेरायचा. संत फ्रान्सिसने 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, आणि तिथून घरोघरी तो पोहोचला. आपल्याकडे त्याला हिरवळ येते ती घटस्थापनेत जशी येते तशीच, ताटात धान्य पेरून. मूठ-दोन मूठ गहू रात्रभर भिजवायचा, पाणी काढून दिवसभर फडक्यात बांधून ठेवायचा, मोड फुटले की दोन-तीन सेंटिमीटर मातीवर दाटीने पसरून वर मातीचा पातळ थर. ताटाला भोकं असावीत. पाणी साचलं की मुळाशी पांढरी बुरशी येते आणि कुबट वास सुटतो. पहिले तीन दिवस झाकून, मग खिडकीत. सकाळी निघताना आणि रात्री आल्यावर पाणी नुसतं शिंपडायचं. रोप उजेडाकडे झुकतं, म्हणून रोज ताट फिरवायचं. 24 तारखेला वीतभर नाही तरी दहा-बारा सेंटिमीटर हिरवं गवत उभं असतं. रोज रात्री चप्पल काढायच्या आधी त्या ताटाकडे बघावंसं वाटतं. सकाळपेक्षा ते खरंच वाढलेलं असतं.

ऑफिसातला डिसेंबर दोन प्रकारचा असतो. परदेशी ग्राहकांचं काम असेल तर विसाव्या तारखेनंतर निवांत. दुकान, हॉटेल, हॉस्पिटल असेल तर उलट. 25 ची सुट्टी असते, 24 ची बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून एकच रजा शिल्लक असेल तर ती 24 लाच टाकावी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातच मंजूर करून घ्यावी. शिफ्टच्या नोकरीत एक जुना, सुंदर व्यवहार चालतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ख्रिस्ती मुलगी ड्यूटी करते आणि नाताळच्या आदल्या रात्री तिची हिंदू मैत्रीण तिच्या जागी उभी राहते. हे तोंडी ठरलेलं असतं आणि सहसा मोडत नाही.

आठवड्यातल्या रात्री गायनवृंदाचा सराव असतो. आगमनकाळाच्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गौरवगीत (ग्लोरिया) म्हणत नाहीत, ते राखून ठेवलेलं असतं नाताळच्या मिस्सेसाठी. त्यामुळे सराव चालू असताना जे गाणं पक्कं करतो ते प्रत्यक्ष त्या चारही रविवारी ऐकू येत नाही. वसई धर्मप्रांतात हे बहुतेक मराठीत होतं. थकून आलेल्या मुलीला आठ-नऊ वाजता पुन्हा बाहेर पडणं जिवावर येतं, पण तासभर चार सुरांत गायल्यावर परत येताना पाय हलके असतात. घसा बसू नये म्हणून गाडीतल्या पंख्यासमोरची जागा टाळावी आणि सरावाआधी तळलेलं खाऊ नये.

24 ला मिस्सेची वेळ आधीच्या रविवारी सूचनांमध्ये नीट ऐकून ठेवावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते. वर्षातल्या मोजक्या दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण मैदानावरच्या मिस्सेची वेळ प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वेगळी असते. उघड्यावर दव पडतं, नव्या फ्रॉकवर शाल असू द्यावी.

केक मात्र त्याच दिवशी दुपारी कापावा, दातेरी सुरीने, सेंटिमीटरभर जाडीचे काप, प्रत्येक कापानंतर सुरी पुसून. डबे भरताना शेजारची घरं आठवावीत. दिवाळीत ज्यांच्याकडून फराळाचं ताट आलं त्यांच्याकडे ते रिकामं जात नाही. शाकाहारी घरांसाठी वेगळा डबा करायचा: त्यात अंडं नसलेले, कोरडे कुलकुल आणि संत्र्याच्या सालीच्या पट्ट्या, रमची फळं नकोत. त्या डब्याचं झाकण वेगळ्या रंगाचं घ्यावं आणि घाईत अदलाबदल होऊ नये म्हणून तो आधी भरून दारापाशी ठेवावा. मिस्सेला निघतानाच काकूंच्या हातात देता येतो.